हसविणाऱ्याचें उत्तरायुष्य

शिमग्याच्या दिवसांत रत्नागिरीच्या आसपासच्या गांवांतून ग्रामदेवतेची पालखी देवळाबाहेर पडते, आणि घरोघरच्या अंगणांत खेळे येतात. मृदंग वाजूं लागतो, गण होतो, गवळण होते, आणि मग काळ्या वेषांतला, तोंडावर मुखवटा चढविलेला संकासूर नाचत पुढें सरसावतो. लहान मुलें भिऊन आईच्या पदराआड दडतात आणि तिथूनच हळूच पाहतात. त्या दिवसांत कोणी कोणाची टवाळी करावी याला फारसा धरबंध नसतो. ज्याच्यापुढें एरव्हीं मान वर करावयाची नाहीं, त्याच्या नांवानें बोंब मारली तरी तो मुकाट्यानें हसतो. पण हा परवाना चार दिवसांचा. पालखी देवळांत परतली कीं जो तो पुन्हां आपापल्या पायरीवर.

आपल्या संस्कृत नाटककारांनीं हाच परवाना विदूषकाला बारमाही करून दिला. तो राजाचा मित्र, मोदकांचा भोक्ता, भित्रा आणि तोंडाळ. राजाला तो वाटेल तें बोलतो. तथापि हीं नाटकें बारकाईनें वाचणाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानीं येते. विदूषकाला बोलूं दिलें आहे तें बहुधा राजाच्या प्रेमप्रकरणांविषयीं. राज्यकारभाराचा विषय निघाला कीं अमात्य पुढें येतो आणि विदूषक पडद्याआड जातो. हसविणाऱ्यानें कोठवर यावें, याची रेघ अशी फार पूर्वींच आंखली गेली आहे.

विसाव्या शतकांत महाराष्ट्राच्या एका विदूषकानें ही रेघ दोनदां ओलांडली. एकदां वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं, आणि पुन्हां सत्तरी उलटल्यावर, शरीर कंपवातानें जर्जर झालें असतांना. ते पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. त्यांच्या विनोदाविषयीं आजवर पुष्कळ बोललें गेलें आहे, त्यांत भर घालण्याचें मला प्रयोजन दिसत नाहीं. मला बोलावयाचें आहे तें या दोन प्रसंगांविषयीं, आणि त्यांमागें रत्नागिरीचा जो अंश होता असें मला वाटतें, त्याविषयीं.

देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजीं मुंबईंत झाला आणि बालपण जोगेश्वरीस व पार्ल्यास गेलें. रत्नागिरीशीं त्यांचें नातें जन्माचें नव्हे, जांवयाचें. मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्यें ते शिक्षक होते. तेथेंच सुनीता ठाकूर या रत्नागिरीच्या वकिलाच्या कन्येची आणि त्यांची ओळख झाली. सुनीताबाई बेचाळीसच्या चळवळींत उतरलेल्या. लग्नासारख्या गोष्टींत भपका नको, विधि नको, असा त्यांचा कटाक्ष. १२ जून १९४६ रोजीं रत्नागिरींत, वधूच्या माहेरीं, नोंदणी पद्धतीनें हें लग्न झालें. जूनचा दुसरा आठवडा म्हणजे कोकणांत आगोट आटोपलेली, समुद्र खवळलेला. ज्यानें पुढें आयुष्यभर महाराष्ट्राला मैफलींत बसविलें, त्याचें स्वतःचें लग्न मात्र असें बिनवाजंत्रीचें झालें, याची मला नेहमीं गंमत वाटते.

रत्नागिरीनें या जांवयाला दोन देणग्या दिल्या. एक, फटकळ आणि निःस्पृह अशी पत्नी. आणि दुसरी, मधली आळी.

‘व्यक्ती आणि वल्ली’ हें पुस्तक १९६२ सालीं निघालें आणि १९६५ सालीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांतील अंतू बर्वा या मधल्या आळीचा रहिवासी. हें व्यक्तिचित्र लोक हसण्यासाठीं वाचतात, आणि हसतातहि. परंतु तें मुळांत म्हातारपणाचें चित्र आहे. त्या काळच्या रत्नागिरीची स्थिति ध्यानांत घ्या. कर्ता मुलगा मुंबईस गिरणींत, रेल्वेंत नाहीं तर कचेरींत. गांवीं मनिऑर्डर येणार, आणि गणपतीला नाहीं तर शिमग्याला माणूस. मागें उरले ते म्हातारे. घर मोठें, खोल्या रिकाम्या, छपरावरचीं कौलें दरवर्षीं सांवरावयाचीं. हे वृद्ध संध्याकाळीं कोणाच्या तरी ओटीवर जमत. त्यांची मैफल ती हीच. तेथें ना गाणें, ना खाणें. फार तर सुपारीचें खांड आणि आडकित्ता. चघळावयास विषय मात्र भरपूर: कोर्टांतले दावे, शेजाऱ्याची सून, आणि दिल्लीचें सरकार.

या ओटीवरच्या बोलण्यांत एक विशेष होता. तेथें कोणालाच कोणाकडून कांहीं मिळवावयाचें नव्हतें. पंतप्रधान असो कीं कीर्तनकार, अंतूच्या जिभेपुढें सारे सारखेच. कांहीं वाचक त्याला कुजकट म्हणतात. मला तें मान्य नाहीं. ज्याचे सोबती एकेक करून निघून गेले, ज्याला गरिबी लपवितां येत नाहीं आणि दाखवावयाची तर लाज वाटते, अशा माणसानें ताठ बसण्यासाठीं केलेली ती सोय आहे. तरुणाचें हसणें अंगांतल्या उत्साहानें येतें. या म्हाताऱ्यांचें हसणें गमावण्यासारखें कांहीं उरलें नाहीं यांतून येतें, आणि म्हणूनच तें कोणालाहि भीत नाहीं. देशपांडे यांनीं हें ओळखलें तें ऐन चाळिशींत. त्यांच्यावर स्वतःवर ती वेळ यावयास अजून बराच अवकाश होता.

त्याच्या कांहीं वर्षें आधीं, १९५७ सालीं, ‘तुझें आहे तुजपाशीं’ हें त्यांचें नाटक रंगभूमीवर आलें होतें. इंदूरच्या एका वाड्यांत दोन वृद्ध समोरासमोर येतात. एक काकाजी: शिकारी, गाण्याचे शोकी, खाण्यापिण्यांत रमणारे, जुन्या संस्थानी इतमामांत वाढलेले. दुसरे आचार्य: व्रतस्थ, सेवापरायण, खादीधारी, सुखाच्या प्रत्येक घासाकडे संशयानें पाहणारे. स्वातंत्र्याला नुकतीं दहा वर्षें झालीं होतीं, त्याग हा सार्वजनिक जीवनाचा शब्द होता, आणि अशा वेळीं या लेखकानें झुकतें माप टाकलें तें काकाजींच्या पारड्यांत. आनंद घेणें हें पाप नव्हे, आणि कोरडें पडलेलें मन हा सद्गुण नव्हे, हा त्या नाटकाचा सूर. आचार्यांवर अन्याय झाला असें ज्यांस त्या वेळीं वाटलें, त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. नाटककारानें आचार्यांना शेवटीं आपल्या रितेपणाची कबुली द्यावयास लावली आहे. काकाजींना तशा कसोटीस उतरविलें नाहीं. तरी पण या नाटकांतली खरी गोम अशी कीं, दोघेहि वृद्ध आहेत. आयुष्य कसें घालवावें हा वाद येथें तरुणांचा नाहीं. घालवून झालेल्यांचा आहे.

हें नाटक वाचतांना, लेखक स्वतः काकाजींच्या बाजूचा होता हें कोणीहि सांगेल. हार्मोनियम पुढ्यांत घ्यावी, वसंतराव देशपांडे, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारख्यांच्या संगतींत रात्र काढावी, हा त्यांचा धर्म. मैफलीला एक नियम असतो. सतरंजीवर बसणाऱ्याला त्याचा पक्ष कोणी विचारीत नाहीं. देशपांडे १९५० नंतरच्या वर्षांत कांहीं काळ बेळगांवीं राणी पार्वतीदेवी कॉलेजांत अध्यापक होते. त्या गांवावरून मराठी आणि कानडी माणसांत पुढें केवढें वितुष्ट आलें, आणि १९५६ च्या पुनर्रचनेंत तो भाग म्हैसूर राज्याकडे गेल्यावर तें किती चिघळलें, हें सर्वांस ठाऊक आहे. तरीहि त्यांनीं ‘गणगोत’ मध्यें बेळगांवचे जे रावसाहेब रंगविले, ते मराठींत कानडी आणि कानडींत मराठी मिसळून बोलणारे, तोंडानें शिवराळ आणि अंतःकरणानें रसिक. सीमेचा तंटा एकीकडे, आणि रावसाहेबांचा दरबार एकीकडे. ज्यानें असला दरबार पाहिला, त्याला माणसांची वांटणी करणें जड जावें यांत नवल नाहीं.

असा मनुष्य १९७७ सालीं निवडणुकीच्या व्यासपीठावर चढला.

त्याची पार्श्वभूमि थोडक्यांत सांगतों. १९७४ सालीं इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे देशपांडे अध्यक्ष होते. २५ जून १९७५ रोजीं आणीबाणी आली. त्याच वर्षीं डिसेंबरांत कऱ्हाडला जें संमेलन भरलें, त्याच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं उघडपणें निषेधाचा सूर लावला, आणि पुढें त्यांना कारावास पत्करावा लागला. देशपांडे यांना सत्तेचें वावडें होतें असें नव्हे. १९५९ सालीं दूरदर्शनचा आरंभ झाला, तेव्हां पंडित नेहरूंची मुलाखत घेणारे हेच होते. १९६६ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली होती. तोंड मिटून बसले असते, तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. विनोदी लेखकाकडून कोणी हौतात्म्याची अपेक्षा करीत नाहीं. पण १९७७ च्या निवडणुकीचा डंका वाजला आणि ते जनता पक्षाच्या प्रचारासाठीं गांवोगांव बोलूं लागले. जयप्रकाश नारायण यांच्या तुरुंगांतल्या दैनंदिनीचा ‘स्वगत’ हा मराठी अनुवादहि त्यांचाच.

आतां गंमत पाहा. वीस वर्षांपूर्वीं ज्यानें काकाजींच्या तोंडून आचार्यांची टर उडविली होती, तो आतां कोणाच्या शेजारीं बसला होता? खादी घालणाऱ्यांच्या, उपास करणाऱ्यांच्या, तुरुंगांतून नुकत्याच सुटलेल्या व्रतस्थांच्या. काकाजी आचार्यांच्या पंक्तीस जाऊन बसले होते. हा बदल मनाचा होता कीं काळाचा, असा प्रश्न कोणी विचारील. मला वाटतें, बदल फारसा नव्हताच. मैफल भरावयाची तर माणसाला तोंड उघडण्याची मोकळीक हवी, आणि ती मोकळीक ज्या दिवशीं गेली, त्या दिवशीं काकाजींना आचार्यांची बाजू घेण्यावांचून गति राहिली नाहीं.

सभांना अलोट गर्दी लोटे. लोक हसत, टाळ्या देत. परंतु सभेंतलें हसूं आणि नाट्यगृहांतलें हसूं हीं एक नव्हेत. नाट्यगृहांत सगळे स्वतःवर हसतात, सभेंत सगळे दुसऱ्यावर. ज्याच्या नांवाभोवतीं सारा महाराष्ट्र एका सतरंजीवर बसे, त्याच्यासमोर आतां अर्धी सतरंजी होती, आणि उरलेल्या अर्धींत त्याचे जुने चाहते होते. हें मोल त्यांनीं जाणूनबुजून दिलें असलें पाहिजे. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, सत्ता पालटल्यावर त्यांनीं कोणतेंहि राजकीय पद घेतलें नाहीं; व्यासपीठ सोडलें आणि ते आपल्या कामाला लागले. १९७९ सालीं जनता पक्षाचें सरकार आपापसांतल्या भांडणांत कोसळलें. ज्यांच्यासाठीं आपण घसा कोरडा केला त्यांची ही दशा पाहणें सोपें नव्हतें. देशपांडे यांचे राजकारणावरील उपहासलेख पुढें ‘खिल्ली’ या संग्रहांत एकत्र आले. ते वाचणाऱ्यास दिसेल कीं ही लेखणी कोणा एका पक्षाची चाकर नव्हती.

मग सुरू झालें तें खरें उत्तरायुष्य. १९८३ च्या जुलैंत वसंतराव देशपांडे गेले. १९९२ च्या जानेवारींत कुमार गंधर्व गेले, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत मल्लिकार्जुन मन्सूर. जी वेळ मधल्या आळींतल्या म्हाताऱ्यांवर आली होती, ती आतां या रसिकावर आली: ओटी तीच, पण बसणारे एकेक कमी. याच काळांत त्यांनीं एक काम केलें, ज्याचा उल्लेख मैफलींच्या गोष्टी सांगणारे सहसा करीत नाहींत. शहरांतल्या तरुण मुलांना गर्दचें व्यसन लागत होतें, त्यावर अनिल अवचट यांनीं लिहिलें. तें वाचून देशपांडे दांपत्य अस्वस्थ झालें, आणि पुण्यास १९८६ सालीं जें ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ति केंद्र उघडलें, त्याला आरंभीं त्यांच्या प्रतिष्ठानानें एक लाख रुपयांची देणगी दिली. काकाजींचा कैवार घेणाऱ्यानें नशेच्या विरुद्ध पैसे द्यावे, हा विरोध केवळ वरवरचा आहे. मैफलींत माणूस इतरांबरोबर रमतो. गर्द ओढणारा कोपऱ्यांत एकटा असतो.

१९९० सालीं सुनीताबाईंचें ‘आहे मनोहर तरी’ प्रसिद्ध झालें. महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाबरोबर संसार करणें म्हणजे काय, याचा हिशेब तींत रत्नागिरीच्या रोखठोकपणानें मांडलेला आहे. पतीचा आळस, बेफिकिरी, लहान मुलासारखा हट्ट, कांहींहि झांकलेलें नाहीं. आणि हें सारें पति हयात असतांना, त्याची कीर्ति शिगेला पोंचलेली असतांना. कित्येक चाहत्यांना तें रुचलें नाहीं. आपल्या देवावर त्याच्याच घरांतून कोणी बोट ठेवावें हें भक्तांना कसें सोसावें? पण ज्याच्यावर तें पुस्तक होतें, त्यानें उलट पुस्तक लिहिलें नाहीं. दुसऱ्यांना हसण्यांत ज्यानें जन्म घालविला, त्यानें स्वतःवरचें परीक्षण छापील रूपांत सोसलें. विनोदकाराची परीक्षा कोठें होते असें मला कोणी विचारलें, तर मी या पुस्तकाकडे बोट दाखवीन.

आणि आतां दुसरा प्रसंग. १९९५ च्या मार्चमध्यें राज्यांत शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांचें सरकार आलें, श्री. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. या सरकारनें ‘महाराष्ट्र भूषण’ हा पुरस्कार सुरू केला, आणि पहिला पुरस्कार १९९६ सालीं देशपांडे यांना दिला. निवड योग्यच होती. त्याबद्दल कोणाचें दुमत असण्याचें कारण नव्हतें. देशपांडे यांना या सुमारास कंपवातानें ग्रासलें होतें. अशा माणसानें शाल-श्रीफळ घ्यावें, दोन गोड शब्द बोलावे आणि घरीं जावें, हीच रीत. त्यांनीं तसें केलें नाहीं. लोकशाहीविषयीं सत्तेच्या वर्तुळांतून जी तुच्छतेची भाषा ऐकूं येत होती, तिच्याबद्दलची व्यथा त्यांनीं त्या सन्मानाच्याच निमित्तानें बोलून दाखविली.

शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांना तें झोंबलें. त्यांनीं जाहीरपणें, देशपांडे यांच्या नांवावर कोटी करून, त्यांचा समाचार घेतला, आणि पुरस्कार देऊन चूक झाली असा सूर काढला. या भांडणाला एक कडू चव होती. ओरिएंट हायस्कूलमध्यें ज्या मास्तरांनीं शिकविलें, त्यांच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकीं ठाकरे एक, असें सांगतात. शिवाय ठाकरे स्वतः व्यंगचित्रकार. थोरामोठ्यांची रेवडी उडविण्याच्या धंद्यांतूनच ते वर आलेले. म्हणजे हा तंटा हसविणारा आणि हसूं न जाणणारा यांच्यामधला नव्हता. तो दोन विनोदकारांचा होता. एकाची कुंचली आयुष्याच्या उत्तरार्धांत सत्तेला जाऊन मिळाली होती, आणि दुसऱ्याची जीभ अजून मधल्या आळींतल्या ओटीवर होती.

महाराष्ट्र त्या वेळीं दुभंगला. कोणी म्हणालें, टीका करावयाची होती तर पुरस्कार घ्यावयाचा नव्हता. हा आक्षेप मला वजनदार वाटतो, पण पटत नाहीं. पुरस्कार सरकारच्या नांवानें दिला जातो खरा, परंतु तो राज्याचा असतो, पक्षाचा नव्हे. आणि ज्याच्या घरचें जेवावें त्याला खरें सांगूं नये, हा न्याय विदूषकाला कधींच लागू नव्हता. उलट कोणी म्हणालें कीं १९७७ हा पराक्रम, आणि हें म्हातारपणचें बडबडणें. माझें मत नेमकें उलट आहे. १९७७ सालीं मागें लाखोंचा समुदाय होता, टाळ्यांची लाट होती, बरोबर बोलणारे दुसरे अनेक होते. १९९६ सालीं थरथरणारें शरीर होतें, बहुतेक सोबती गेले होते, आणि समोर यजमान बसले होते. ओटीवरचे ते वृद्ध कोणालाहि भीत नव्हते, कारण त्यांना कोणी पुरस्कार देत नव्हतें. पुरस्कार हातांत असतांना त्यांच्यासारखें बोलणें ही गोष्ट निराळी आहे.

यानंतर ते फार बोलले नाहींत. शरीर साथ देईनासें झालें, चाकांच्या खुर्चीवांचून हिंडणें अशक्य झालें. १२ जून २००० रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. चोपन्न वर्षांपूर्वीं त्याच तारखेस रत्नागिरींत त्यांचें लग्न झालें होतें. सुनीताबाई पुढें नऊ वर्षें होत्या. ७ नोव्हेंबर २००९ रोजीं त्या गेल्या. दुसऱ्या दिवशीं पतीचा जन्मदिवस होता.